फिरता निधी की फिरत्या बायका?

नगरपालिकेत पुन्हा तेच! "साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या." अहो, किती सोमवार? राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बचत गटाला १०,००० रुपये फिरता निधी, म्हणजे गटात आळीपाळीने कर्जाऊ फिरवायचे पैसे; वस्तीतल्या गटांच्या संघाला, म्हणजे वस्तीस्तर संघाला, ५०,०००. नियम स्पष्ट होता ना? मग आमची फाइल कुठे अडली? ठराव दिला. पासबुकाच्या झेरॉक्स दिल्या, तीन-तीनदा दिल्या! तोवर गटातल्या पापडवाल्या काकू उडदाच्या डाळीसाठी खासगी फायनान्सच्या आठवडी हप्त्यात अडकल्या.

या बायका चुरगळलेल्या नोटा मांडीवर सरळ करून मोजतात, एकमेकींना कर्ज देतात, वहीत रुपयान्‌रुपया लिहितात. हिशोब यांनाच मागता? दिवसाची मजुरी बुडवून त्या नगरपालिकेचे दोन जिने चढतात. तिथे बसायला साधा बाकसुद्धा नाही!