‘चाकातला एक ग्रॅम म्हणजे चार ग्रॅम’ हा हिशेब चुकीचा आहे

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. परदेशी संघ आपल्या घाटांतून जाताना लोकांनी रस्त्याकडेला उभं राहून पाहिले आणि तेव्हापासून ‘मलाही रेस करायचीय’ म्हणणारी पोरं बरीच वाढली. याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांच्याबरोबर एक मेसेजही ग्रुपाग्रुपांत फिरतोय. थोड्याफार फरकाने तो असा असतो:

‘रेस करायची तर पहिला खर्च चाकांवर. चाकातला एक ग्रॅम म्हणजे फ्रेममधले चार ग्रॅम. ५० मिमीची कार्बन चाकं घ्या, कुठलीही चालतील. त्यावर २३ चा टायर आणि १२० पीएसआय हवा. सिरॅमिक बेअरिंग टाका. १०५ वर रेस होत नाही, किमान अल्टेग्रा हवा. एवढं जमत नसेल तर स्टार्ट लाइनवर येऊन उपयोग नाही.’

(५० मिमी म्हणजे रिमची खोली, २३ म्हणजे टायरची मिमीतली रुंदी, पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप. १०५ आणि अल्टेग्रा हे शिमानो कंपनीचे ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचे संच. अल्टेग्रा वरच्या दर्जाचा.) शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं, पण आधी एकेक मुद्दा पाहू.

‘एक ग्रॅम म्हणजे चार ग्रॅम.’ हा आकडा कुठून आला ते कोणीच सांगत नाही. फिरणाऱ्या वस्तूला वेग द्यायला जास्त ऊर्जा लागते, एवढं खरं. रिमच्या अगदी कडेला असलेलं वजन पुढेही जातं आणि फिरतंही, म्हणून वेग वाढवताना ते दुप्पट मोजायचं. चौपट नाही, आणि हे दुप्पटसुद्धा फक्त कडेच्या वजनाला लागू. हब मध्यावर असतो, त्याला यातलं जवळपास काहीच लागू होत नाही.

आता दुप्पट धरूनच हिशेब करू. स्वार, सायकल, बाटल्या मिळून ८५ किलो. जुनी चाकं १९०० ग्रॅमची, नवी १४५० ची, म्हणजे ४५० ग्रॅम वाचले आणि ते सगळे रिमच्या कडेचेच होते असं समजू. कोणी अटॅक केला, म्हणजे अचानक वेग वाढवून निसटायला लागला, आणि तुम्ही ताशी २५ किलोमीटरवरून ४० च्या वेगाला गेलात, तर एकूण ऊर्जा लागते सुमारे ३२०० ज्यूल. त्यातले चाकांमुळे वाचतात ३४. तेच ४५० ग्रॅम फ्रेममधून कमी केले असते तर १७ वाचले असते. ‘फिरतं वजन’ या शब्दामागची सगळी जादू म्हणजे हा १७ ज्यूलचा फरक. शिवाय जड चाकात घातलेली ऊर्जा पेडल थांबवल्यावर परत मिळते, ती वाया जाते फक्त ब्रेक मारल्यावर.

घाटात तर हा मुद्दा पूर्णच निकालात निघतो. एकसारख्या वेगाने चढताना लढाई गुरुत्वाकर्षणाशी असते आणि ग्रॅम फिरतोय की स्थिर आहे याने तिथे काही बदलत नाही. एक ग्रॅम म्हणजे एकच ग्रॅम. सिंहगडाचा घाट धरा: पायथ्यापासून वाहनतळापर्यंत सहाशे मीटरच्या आसपास चढ. २०० वॅट लावणाऱ्याला ४५० ग्रॅम कमी झाल्याने तिथे तेरा सेकंद मिळतात. पाऊण तासाच्या चढात तेरा सेकंद. रेसमध्ये तेरा सेकंदांना किंमत असते, हे मी नाकारत नाही. पण अर्ध्या लिटरची भरलेली बाटली पायथ्याशी रिकामी केली तरी तेवढेच मिळतात.

मग खोल रिमचा काहीच फायदा नाही का? आहे, आणि तो वजनाचा नाही, हवेचा आहे. ४० च्या वेगाला सपाटीवर तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. साध्या उथळ रिमच्या तुलनेत ५० मिमीची चांगली जोडी तिथे साधारण पाच-दहा वॅट वाचवते. मात्र ही बचत वेगाच्या घनाने बदलते, म्हणजे ३० च्या वेगाला ती निम्म्याहूनही कमी उरते. घोळक्यात कोणाचं तरी चाक धरून बसलात तर आणखी कमी.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. हात सरळ ताणून बसलेला स्वार कोपर वाकवून, डोकं खाली घेऊन हूडवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी मुठींवर हात ठेवून बसला की पुण्याच्या हवेत ४० च्या वेगाला तीसेक वॅट वाचू शकतात. ही बसण्याची सवय लावायला दोन-तीन महिने पाठ आणि मान दुखवून घ्यावी लागते. विकत मिळत नाही, म्हणूनच बहुधा मेसेजमध्ये नाही.

‘२३ चा टायर, १२० पीएसआय.’ संपूर्ण मेसेजमधला सर्वात नुकसान करणारा सल्ला हा आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

टायर दगडासारखा टणक असला की वेगवान वाटतो, कारण हँडलला कंप जाणवतो आणि आपण कंपालाच वेग समजतो. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत ड्रमवर दाब वाढवला की घर्षण कमी होतं हे बरोबर. आपला रस्ता ड्रम नाही. खडबडीत डांबरावर टणक टायर प्रत्येक खड्यावर सायकल आणि स्वार दोघांना वर उचलतो आणि ती ऊर्जा तुमच्या मांड्यांत, खांद्यांत जिरून जाते. मऊ टायर खडा स्वतःत दाबून घेतो आणि चाक सरळ पुढे जातं. व्यावसायिक संघांनी २३ सोडून २५, मग २८ धरला तो आरामासाठी नव्हे, वेगासाठी. पाऊणशे किलोच्या स्वाराने २८ च्या टायरमध्ये मागे ७० आणि पुढे ६६ च्या आसपास हवा ठेवून पाहावी. जुन्या कॅलिपर ब्रेकच्या सायकलीत २८ मावतो का हे आधी बघायचं. नसेल मावत तर २५.

यात जिवाचाही प्रश्न आहे. हल्लीच्या बऱ्याच कार्बन रिम हुकलेस असतात, म्हणजे टायरची कड अडकवून धरणारा आतला ओठ त्यांना नसतो. अशा रिमवर ५ बार, म्हणजे साडेबाहत्तर पीएसआय, ही कमाल मर्यादा आहे. टायरही हुकलेससाठी मान्य असलेलाच लागतो. त्यावर कोणी मेसेज वाचून १२० पीएसआय हवा मारली तर टायर रिमवरून सुटू शकतो. तो सुटतो तेव्हा तुम्ही घरी नसता, उतारावर असता.

आणि पैशाचंच बोलायचं तर टायरइतका परतावा सायकलच्या दुसऱ्या कुठल्याही भागात नाही. जाड, पंक्चर-रोधक सरावाच्या टायरचा रोलिंग गुणांक (टायर रस्त्यावर फिरताना किती ताकद खातो ते सांगणारा आकडा) ०.००६ धरा आणि चांगल्या रेसिंग टायरचा ०.००४. आपल्या ८५ किलोला ३५ च्या वेगाने हा फरक होतो १६ वॅट. कार्बनच्या चाकांपेक्षा जास्त, खर्च त्यांच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्यात लॅटेक्स ट्यूब घातली की आणखी चार-पाच वॅट सुटतात. फक्त तिची हवा रात्रीतून उतरते, सकाळी पुन्हा भरायची.

‘कार्बन कुठलंही चालेल.’ इथे मी माझ्या घरात पाहिलेलं सांगतो.

मित्राचा मुलगा, वय एकोणीस. मेसेज वाचला आणि बिनानावाची कार्बन चाकं हप्त्यांवर मागवली. सायकल रिम ब्रेकची. जुलैत एका रविवारी सिंहगडावरून उतरून थेट माझ्याकडे आला. ‘काका, ब्रेक मारला की पुढचं चाक धडधडतंय.’ मला वाटलं चाक आउट, म्हणजे वाकडं झालं असेल, तारा घट्ट करून आउट काढून देऊ. स्टँडला लावून फिरवलं तर रिम सरळ होती. मग डोळे मिटून ब्रेकच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर तो एका जागी वर चढला. रिमच्या भिंतीला फुगवटा आला होता, पोळीवर येतो तसा, लहानसा. नाक जवळ नेलं तर जळक्या चिकटपट्टीचा वास. ब्रेकचे रबर उघडून पाहिले, ते जुन्या अॅल्युमिनियमच्या चाकांवरचेच होते. कार्बनला वेगळे रबर लागतात हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

हे का होतं ते समजून घ्यायला हवं. ८५ किलो वजन सहाशे मीटर खाली आलं की पाच लाख ज्यूल मोकळे होतात. थोडे हवा खाते. पण भिजलेला, अरुंद, वळणांचा उतार, समोरून पर्यटकांच्या गाड्या, म्हणजे ब्रेक धरूनच उतरायचं, तेव्हा त्यातला मोठा हिस्सा दोन रिमच्या कडांवर उतरतो. एवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी उकळायला लागेल. अॅल्युमिनियम ती पसरवून हवेत सोडून देतं. कार्बनमध्ये ती ब्रेकच्या पट्टीवरच साठते, धाग्यांना धरून ठेवणारं रेझिन मऊ पडतं, आणि आतून टायरची हवा भिंतीला बाहेर ढकलतच असते. पोराने त्यात ११५ पीएसआय भरली होती. आणखी एक-दोन वळणांत ती भिंत फाटली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे त्याच्या आईला मी अजून सांगितलेलं नाही.

उच्च तापमानाच्या रेझिनच्या, नीट तपासून बाहेर पडणाऱ्या कार्बन रिम असतात. डिस्क ब्रेक असेल तर रिम तापण्याचा प्रश्नच येत नाही. पण ‘कुठलीही’ नाही. आणि रिम ब्रेकवर पावसाळ्यात घाट उतरायचा असेल तर माझं उत्तर अॅल्युमिनियम हेच राहील. ओल्या कार्बनवर ब्रेक लागायला जो एक क्षण उशीर होतो, तो घाटात परवडत नाही.

सिरॅमिक बेअरिंगबद्दल फार बोलायला नको. चांगल्या स्थितीतल्या स्टील बेअरिंगमध्ये मुळात वॅटभरही जेमतेम वाया जातं, त्यातलं वाचवून वाचवणार किती? त्यापेक्षा चेन पाहा. पावसात मातीचा राप चढलेली चेन आणि स्वच्छ, मेण दिलेली चेन यात सहज काही वॅटचा फरक असतो. डिझेलने धुऊन कोरडी केलेली चेन वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवायची, त्याला लागतं एक जुनं पातेलं.

‘१०५ वर रेस होत नाही.’ ११ स्पीडच्या पिढीतली १०५ आणि अल्टेग्रा शेजारी ठेवली तर फरक मुख्यतः वजनाचा, काहीशे ग्रॅमचा, आणि ग्रॅमचा हिशेब वर झालाच आहे. ग्रुपसेटवर कोणतं नाव आहे यापेक्षा मागच्या कॅसेटवर, म्हणजे दातेरी चकत्यांच्या संचावर, किती दात आहेत हे विचारा. पुढे ३४ दातांची चकती, मागे सर्वात मोठी २८ ची. बारा टक्क्यांचा चढ लागला आणि तुमच्याकडे २०० वॅट आहेत, तर वेग ताशी सातच्या थोडा वर आणि पाय मिनिटाला जेमतेम ४७ वेळा फिरतात. गुडघे बोलायला लागतात. मागे ३४ ची चकती असेल तर तेच पाय ५७ वर जातात. यासाठी कॅसेट आणि गरज पडली तर लांब चेन आणि लांब पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), एवढंच बदलावं लागतं. आमच्या भागातल्या नवख्यांना घाटात सर्वात जास्त वेळ याच बदलाने मिळालेला मी पाहिला आहे.

चाकं घ्यायचीच असतील, तर वजनाचा तक्ता उघडण्याआधी चार गोष्टी विचारा. आपली सायकल डिस्कची की रिम ब्रेकची, अॅक्सल कोणता. फ्रीहबवर, म्हणजे मागच्या हबच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्यावर, आपली कॅसेट बसेल का. ११ स्पीडच्या शिमानो फ्रीहबवर १० स्पीडची कॅसेट १.८५ मिमीचा स्पेसर घातल्याशिवाय बसत नाही, आणि असा स्पेसर विसरून डुगडुगणारी कॅसेट घेऊन रेसला आलेला मुलगा मी पाहिलाय. रिम बाहेरून टायरपेक्षा किंचित रुंद आहे का, नाहीतर हवेचा फायदा तिथेच संपतो. आणि तार तुटली तर तशी तार आपल्या गावात मिळते का. वाशिम किंवा सावंतवाडीच्या स्वाराला हा शेवटचा प्रश्न सर्वात महागात जातो.

आता ते शेवटचं वाक्य: ‘एवढं जमत नसेल तर येऊन उपयोग नाही.’ यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेची किमान वजनाची मर्यादा ६.८ किलो आहे, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम स्वारांनाही त्याहून हलकी सायकल चालत नाही. सायकल जड आहे म्हणून अडवणारा नियम मात्र नाही. साध्या ३२ तारांच्या अॅल्युमिनियम चाकांवर आलेली, दूध घालून मग सरावाला जाणारी पोरं घाटात पुढे निघून गेलेली मी स्वतः मागून पाहिली आहेत. हा मेसेज वाचून त्यांच्यातला एक जरी घरी बसला, तर आपण एक चांगला सायकलपटू दहा वॅटसाठी गमावला.

मित्राच्या मुलाने जुनी चाकं पुन्हा चढवली. मी आउट काढून दिला, नवे २५ चे टायर आणि लॅटेक्स ट्यूब घातल्या, मागे ११-३२ ची कॅसेट. मोसमातल्या पहिल्या रेसला त्याने नाव दिलंय. कार्बनची जोडी त्याच्या पलंगाखाली पडून आहे आणि तिचे पाच हप्ते अजून बाकी आहेत.