त्या ७ मार्कांचं काय?

शाळांवरच्या एका लेखात म्हटलंय की कौतुक शाळेतल्या सगळ्या विभागांचं व्हायला हवं पण शेवटी शाळेचं नाव दहावीच्या टक्क्यांवरच होतं. हे दुसरं वाक्य काही पटलं नाही बुवा. अहो त्या टक्क्यांत चित्रकला विभागाचा वाटा असतोच की! इंटरमीजिएटला, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला, ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ मार्क वाढीव, बी ला ५, सी ला ३. म्हणजे ५०० पैकी धरले तर ए ग्रेडवाल्याचे जवळपास दीड टक्के ड्रॉइंगच्या सरांनी मिळवून दिलेले.

माझी मुलगी कळव्याच्या एका शाळेत होती, सर रविवारी पोरांना बोलावून स्थिरचित्राची तयारी करून घ्यायचे, तांब्या, दोन वांगी आणि मागे चुरगळलेला पडदा, सावली चुकली की परत पहिल्यापासून, वर एक पैसा जास्तीचा नाही. निकाल लागला तेव्हा गेटवर ही लांबलचक फ्लेक्स, नव्वदच्या वरची सगळी पोरं, त्यात हिला ९०.८०, ते ७ मार्क काढले तर ८९.४०, म्हणजे फोटोच आला नसता! खाली मुख्याध्यापक, गणिताचे आणि सायन्सचे शिक्षक (आणि नगरसेवक, ते तर हवेतच), पण ड्रॉइंगच्या सरांचं नाव कुठेच नाही. एनसीसी आणि खेळाच्या वाढीव मार्कांचंही तेच, पीटीच्या सरांना विचारतं कोण. पालक सभेत मी हे बोलले तर म्हणे जागा नव्हती. नगरसेवकाचा फोटो जरा लहान करा ना मग!