हर्स्टन, राइट आणि हजार डॉलरचा पुरस्कार

एम. ए.च्या वर्गात आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचा पेपर शिकवताना दरवर्षी मी विद्यार्थ्यांना एका पुरस्काराविषयी सांगते. झोरा नील हर्स्टन आणि रिचर्ड राइट या दोन काळ्या अमेरिकन लेखकांच्या नावाची, वॉशिंग्टन डी. सी. येथील हर्स्टन-राइट फाउंडेशन ही संस्था आफ्रिकन वंशाच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या कथालेखनाला हा पुरस्कार देते. कादंबरीकार मरिटा गोल्डन आणि ग्रंथप्रेमी क्लाइड मॅकएल्वीन यांनी १९९० साली ही संस्था स्थापन केली आणि तिचे पहिले काम हा विद्यार्थी-पुरस्कारच होता. प्रकाशित पुस्तकांसाठीचे पुरस्कार पुढे दहाएक वर्षांनी आले. यंदा हे सांगून होताच मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, राइट स्वतः कॉलेजात गेलेच नव्हते ना? मग त्यांना हा अर्ज भरता आला नसता." त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला वर्गात देता आले नाही. तेव्हापासून जे मनात घोळत आहे ते येथे लिहीत आहे.

पुरस्काराला ज्या दोघांची नावे आहेत, त्यांचे एकमेकांशी मुळीच पटत नव्हते. हर्स्टन यांच्या १९३७ सालच्या कादंबरीवर रिचर्ड राइट यांनी 'न्यू मासेस' या डाव्या नियतकालिकात लिहिताना, हिच्यात ना विषय आहे ना संदेश, आणि गोऱ्या वाचकाला हसवण्यासाठी काळ्यांचे सोंग दाखवण्याची जुनी रीतच ही लेखिका पुढे चालवते, अशा आशयाची टीका केली होती. पुढच्याच वर्षी हर्स्टन यांनी राइट यांच्या कथासंग्रहाचे परीक्षण लिहिले आणि त्यातल्या द्वेषाच्या व हिंसेच्या वातावरणावर बोट ठेवून हिशेब चुकता केला. एकीला आपल्या गावाची बोली, तिथले हसणे-भांडणे, ओसरीवरच्या गप्पा लिहायच्या होत्या, तर दुसऱ्याला वर्णद्वेषाने माणसाचे काय होते ते वाचकाच्या तोंडावर फेकायचे होते. विद्यार्थ्यांच्या पुरस्काराला ही दोन्ही नावे जोडून देण्यामागे संस्थापकांचा जो हेतू असेल तो असो, मला त्यातून असे दिसते की काळ्या लेखकाने कसे लिहावे याचा एकच नमुना नवोदितांपुढे ठेवलेला नाही. वंशाच्या नावाने दिल्या जाणाऱ्या पुरस्काराबद्दलचा पहिला आक्षेप, म्हणजे त्यातून एका साच्याचे लेखन तयार होते हा, निदान या नावांपुढे तरी टिकत नाही.

पण नावांपेक्षा अधिक महत्त्वाची आहे ती हर्स्टन यांची स्वतःची विद्यार्थीदशा. त्यांचा जन्म १८९१ सालचा, परंतु २६ व्या वर्षी बाल्टिमोरमध्ये शाळेत मोफत शिकता यावे म्हणून त्यांनी वयातली तब्बल दहा वर्षे कमी करून सांगितली. पुढे त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेल्या. तिथे केशकर्तनालयात नखे साफ करण्याचे काम करून शिकल्या आणि १९२१ साली त्यांची पहिली कथा विद्यापीठाच्याच साहित्यिक नियतकालिकात छापून आली. जानेवारी १९२५ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा, त्यांनीच पुढे लिहिल्याप्रमाणे, जवळ दीड डॉलर होता, नोकरी नव्हती आणि ओळखीचे कोणी नव्हते.

त्या वर्षी 'अपॉर्च्युनिटी' या मासिकाने पहिली साहित्य स्पर्धा घेतली होती. हे मासिक शहरांतल्या काळ्या लोकांसाठी काम करणाऱ्या नॅशनल अर्बन लीग या संघटनेचे. त्याचे संपादक चार्ल्स एस. जॉन्सन हे व्यवसायाने समाजशास्त्रज्ञ, आणि ही बाब मला फार बोलकी वाटते. घरे, नोकऱ्या, स्थलांतर यांची आकडेवारी गोळा करणाऱ्या माणसाला कळून चुकले होते की कारखान्याची आणि कचेरीची दारे लवकर उघडणार नाहीत, पण छापील पानाचे दार किंचित किलकिले आहे. स्पर्धेला सातशेहून अधिक प्रवेशिका आल्या. १ मे १९२५ रोजी फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या एका उपाहारगृहात पारितोषिकांचे जेवण झाले. लँग्स्टन ह्यूज यांना कवितेचे पहिले, चाळीस डॉलरचे बक्षीस मिळाले आणि हर्स्टन यांना कथेचे दुसरे, नाटकाचेही दुसरे.

त्या बक्षिसांचे पैसे फार तर महिन्या-दोन महिन्यांच्या खर्चाला पुरले असतील. खरी कमाई झाली ती टेबलांवर. जॉन्सन यांनी पाहुण्यांची यादी अशी काही जमवली होती की बक्षीस घ्यायला आलेले तरुण लेखक आणि न्यूयॉर्कचे संपादक, प्रकाशक, नावाजलेले लेखक एका खोलीत बसले. बर्नार्ड कॉलेजच्या संस्थापकांपैकी ॲनी नेथन मेयर तिथे होत्या आणि लोकप्रिय कादंबरीकार फॅनी हर्स्टही होत्या. मेयर यांच्या खटपटीने हर्स्टन यांना बर्नार्डमध्ये प्रवेश मिळाला, हर्स्ट यांनी त्यांना आपल्याकडे सेक्रेटरीचे काम दिले. तेव्हा बर्नार्डमध्ये त्या एकट्याच काळ्या विद्यार्थिनी होत्या. तिथेच त्या मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या हाताखाली आल्या आणि त्यांच्याच सांगण्यावरून लोककथा गोळा करायला पुन्हा दक्षिणेत गेल्या.

(जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. बर्नार्ड हे कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असलेले महिला महाविद्यालय. बोआस यांचेच शिष्य गोल्डनवायझर यांच्या कोलंबियातील परिसंवादात ९ मे १९१६ रोजी डॉ. आंबेडकरांनी जातिसंस्थेवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला होता. म्हणजे हर्स्टन तिथे पोहोचल्या त्याच्या जेमतेम नऊ वर्षे आधी.)

विद्यार्थ्यांसाठीचा पुरस्कार नेमके काय काम करतो, हे मला या एका जेवणावरून कळते. लिहिणाऱ्या मुलीचे लेखन तिच्या शिक्षकांपलीकडे आणि मैत्रिणींपलीकडे कोणीतरी वाचले आहे, ते वाचणाऱ्याला लेखनाची जाण आहे आणि त्याने आपले मत जाहीरपणे मांडले आहे, एवढे त्यातून घडते. डेव्हिड अँथनी डरम यांना १९९२ साली हर्स्टन-राइट फाउंडेशनचा हा पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांची पहिली कादंबरी यायला जवळजवळ दशक बाकी होते. ब्रिट बेनेट यांना तो २०१४ साली मिशिगन विद्यापीठात शिकत असताना मिळाला आणि त्यांची पहिली कादंबरी २०१६ साली आली. पुरस्कारामुळेच हे घडले असे म्हणण्याइतकी मी भोळी नाही, कारण अशा हाताच्या लेखिकेला कोणीतरी शोधलेच असते. मात्र "शोधलेच असते" हे वाक्य आपण नेहमी ज्यांचा शोध लागला त्यांच्याविषयीच बोलतो, हेही विसरून चालणार नाही.

बक्षिसाची रक्कम हजार डॉलरच्या घरातली, म्हणजे अमेरिकेत एका सत्राची पुस्तके आणि थोडे घरभाडे. एवढ्याने काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी हर्स्टन यांच्याच आयुष्यातला पुढचा प्रसंग पाहावा. डिसेंबर १९२७ मध्ये शार्लट ऑस्गुड मेसन या श्रीमंत गोऱ्या बाईंशी त्यांचा करार झाला. दरमहा दोनशे डॉलर, मोटार आणि चलच्चित्र कॅमेरा मिळणार होता. त्या बदल्यात दक्षिणेत फिरून जमवलेली सर्व सामग्री मेसनबाईंच्या मालकीची होणार होती आणि त्यांच्या परवानगीशिवाय त्यातले काही छापता येणार नव्हते. रक्कम भरघोस होती, पण लेखणी गहाण पडली. बक्षिसाचे तसे नसते. ते देणारा एकदाच देतो, पुढच्या लेखनावर त्याचा हक्क राहत नाही. मला थोडक्या पैशांचा पण मोकळा पुरस्कार भरघोस आश्रयापेक्षा कधीही बरा वाटतो.

आता वेगळ्या पुरस्काराच्या गरजेविषयी. "लेखन चांगले असेल तर ते सर्वांच्या स्पर्धेत जिंकेल, वंशाची चौकट कशाला?" हा प्रश्न माझ्या वर्गातही येतो आणि तो विचारणारे सगळेच दुष्ट हेतूने विचारत नाहीत. माझे उत्तर परीक्षकाच्या कानाशी संबंधित आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयीन कथास्पर्धेत मी तिघांपैकी एक परीक्षक होते. मराठवाड्यातल्या एका मुलीची कथा पूर्णपणे तिच्या आजीच्या बोलीत होती आणि माझ्या मते ती आलेल्या कथांत सर्वांत चांगली होती. दुसऱ्या परीक्षकांनी तिच्यावर 'अशुद्ध भाषा' असा लाल शेरा मारून ती पहिल्याच फेरीत बाजूला ठेवली होती. मी वाद घातला, पण हरले. त्या गृहस्थांच्या मनात आकस नव्हता, त्यांना ती भाषा ऐकूच येत नव्हती. हर्स्टन यांच्या पात्रांची बोली ऐकू न येणारे परीक्षक अमेरिकेतही असणारच. ज्या परीक्षकांच्या घरी ती बोली बोलली जाते त्यांच्यापुढे ती कथा एकदा तरी जावी, एवढीच या पुरस्काराची मागणी आहे. त्याने सर्वांसाठीच्या स्पर्धांचे दार बंद होत नाही. बेनेट यांनी मिशिगन विद्यापीठाचा सर्व विद्यार्थ्यांसाठी खुला असलेला हॉपवुड पुरस्कारही मिळवला आहेच.

अमेरिकेतले कायद्याचे वारे मात्र अशा पुरस्कारांना अनुकूल राहिलेले नाही. २९ जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांचे वंशाचा विचार करणारे प्रवेश धोरण अवैध ठरवले. तो निर्णय प्रवेशापुरता होता, परंतु त्याच वर्षी अटलांटातील फिअरलेस फंड या संस्थेवर खटला भरला गेला, कारण ती फक्त काळ्या महिला उद्योजकांसाठी वीस हजार डॉलरची अनुदान-स्पर्धा चालवत होती. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाचा कौल संस्थेच्या विरोधात गेला आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन स्पर्धा बंद झाली. स्पर्धेत भाग घेणे हा एक प्रकारचा करार आहे असे धरून, करारात वंशभेद करण्यास मनाई करणारा १८६६ सालचा नागरी हक्क कायदा येथे लावण्यात आला. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून झालेला हा कायदा त्यांच्याच पणती-खापरपणतींच्या स्पर्धेविरुद्ध वापरला गेला, हे मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिले. कथालेखनाचा पुरस्कार आणि उद्योगाचे अनुदान यांत फरक आहे; लेखन हा अभिव्यक्तीचा भाग असल्याने तिथे न्यायालयांचा विचार वेगळा होऊ शकतो. परंतु छोट्या संस्थेला निकालाच्या आधी वकिलाच्या बिलाचीच भीती असते.

एवढे समर्थन केल्यावर मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे यावे लागते. या पुरस्काराच्या नियमांत विद्यार्थी महाविद्यालयात पूर्ण वेळ शिकत असावा ही अट राहिली आहे, आणि माझा आक्षेप आहे तो इथे. रिचर्ड राइट यांचे शालेय शिक्षण नवव्या इयत्तेनंतर संपले. मेम्फिसमध्ये काळ्यांना सार्वजनिक वाचनालयातून पुस्तके मिळत नसत, म्हणून एका गोऱ्या सहकाऱ्याचे कार्ड मागून घेऊन आणि त्याच्या नावाची खोटी चिठ्ठी लिहून ते पुस्तके आणत. त्यांना पहिले मोठे बक्षीस मिळाले ते सरकारी लेखक-योजनेत काम करणाऱ्यांसाठी 'स्टोरी' मासिकाने ठेवलेल्या स्पर्धेत, पाचशे डॉलरचे. ती स्पर्धा कॉलेजची पावती मागत नव्हती. हर्स्टन यांनाही हॉवर्डमध्ये पैशांअभावी आणि आजारपणामुळे शिक्षण अर्धवट सोडावे लागले होते, म्हणजे मधल्या काळात त्यासुद्धा या अटीत बसल्या नसत्या. आज दिवसा दुकानात उभे राहून संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयात, एखाद-दुसरा विषय घेणारी मुले तिथे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यात काळी मुले कमी नाहीत.

म्हणून त्या विद्यार्थ्याला पुढच्या तासाला मी एवढेच सांगितले की त्याचे बरोबर आहे, आणि नियमातला 'पूर्ण वेळ' हा शब्द काढण्याची विनंती आपण सर्वांनी मिळून त्या संस्थेला पत्र लिहून करू. पत्राचा मसुदा त्यानेच केला आहे. इंग्रजी थोडे अडखळते, पण मी ते अजून दुरुस्त केलेले नाही.