काच कौलात बसवली म्हणून भोपळा

डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. शनिवारी शाळा सुटल्यावर घरी जाऊन जेवायचं सोडून मी 31 उत्तरपत्रिका पुढ्यात घेऊन एक्सेल भरतोय. का, तर नववीच्या पोरांची 'वैज्ञानिक सर्जनशीलता' मोजायची आहे. ग्रुपवर मेसेज: 'माहिती आज 5 पर्यंत'. आणि पाठवण्यापुरती रेंज मिळवायला मी सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, चढायचं!

चाचणी मूळची 2002 सालची. हू आणि एडी या दोन संशोधकांनी इंग्लंडमधल्या 160 मुलांवर तपासून घेतलेली. प्रश्न वाईट नाहीत हो, मला आवडलेच. पहिला: काचेच्या तुकड्याचे जमतील तितके वैज्ञानिक उपयोग लिहा. आमच्या 19 जणांनी लिहिलं, कौलात बसवायची, माजघरात उजेड पडतो. लिहिणारच! देवगड तालुक्यातल्या जुन्या घरात मान वर केली की तीच दिसते.

आता गुणदान बघा. 5 टक्क्यांहून कमी मुलांना सुचलं तर नावीन्याचे 2 गुण, 10 टक्क्यांपर्यंत 1, त्यापुढे भोपळा. म्हणजे माझ्या वर्गात चौघांना एकच गोष्ट सुचली की ती मेली. हेच लंडनच्या एखाद्या पोराने लिहिलं असतं तर दोन गुण खिशात. आमच्या पोरांचा गुन्हा काय, तर ती एकाच गावात राहतात.

शेवटचा प्रश्न तर कहरच. सफरचंद काढायचं यंत्र रेखाटा. सफरचंदाचं झाड इथे पाहिलंय कोणी? निदान भाषांतर करताना आंबा करायचा होता! एकाने सरळ आंबे उतरवायचा झेला काढला. बांबूच्या टोकाला जाळी, तोंडाशी पातं, आंबा देठासकट कापायला, नाहीतर चीक फळावर उतरतो. पण जाळीच्या बुडाला त्याने लांब कापडी नळी जोडली होती, फळ घसरत थेट खाली टोपलीत. दर फळाला झेला खाली घ्यायला नको. दिवसभर हात वर धरून खांदे कसे भरून येतात, ते कुठल्याही गड्याला विचारा. वरून सूचना आली: 'पारंपरिक साधन, नावीन्य 1'. या प्रश्नात नावीन्याला पाच गुण, त्यातला एक! नळी दिसली नाही काय यांना?

वर्षभर याच पोरांकडून आपण उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान फळ्यावरून उतरवून घेतो. प्रयोग न करताच निरीक्षण! (मीही घेतो. वीस गुणांच्या वह्या वेळेत पूर्ण करायच्या असतात.) आणि मग एके दिवशी तासाभराचा पेपर देऊन म्हणायचं, दाखवा तुमची सर्जनशीलता.

तो झेलावाला पोरगा पेपर देताना घुटमळला. "सर, सफरचंदाक चीक येता काय?" मी म्हटलं, का रे? "नाय, येत नसलो तर देठ कित्याक ठेवूचो? पातां नको मगे, नुसतो पीळ दिलो तरी चालात."

एक्सेलमध्ये याला रकाना नाही. पाच वाजायला दहा मिनिटं आहेत, आणि मला अजून सडा चढायचाय.