कोण येणार ते नको, कोण हवंय ते सांगा

वैताग आलाय. प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडायच्या निवडणुकीचा, विषय निघाला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना एकच प्रश्न पडतो: येणार कोण? कोण यावं असं वाटतं, हे कुणी विचारत नाही, आणि आपण विचारलं तर समोरच्याकडे उत्तर नसतं. 2028 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची कुजबुज सुरू झाली आणि पुन्हा तेच रडगाणं. ‘तो चांगला आहे हो, पण त्याचा काही चान्स नाही.’ ‘ती हुशार आहे, पण इथले लोक बाईला मत देणार नाहीत.’ ‘ह्याच्याकडे इलेक्टिव्ह मेरिट नाही.’

अहो, इलेक्टिव्ह मेरिट तिकडे भारतात पक्षश्रेष्ठी बघतात, कारण तिकडे तिकिटं ते वाटतात. दिल्लीतून यादी येते आणि तालुक्यातला कार्यकर्ता निमूटपणे तिचे बॅनर लावतो. अमेरिकेतही एकेकाळी असंच होतं. 1968 साली ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी निदर्शकांना झोडपून काढलं. त्या संतापातून पुढे नियम बदलले आणि तिकीट ठरवायचा अधिकार साध्या मतदाराच्या हातात आला. म्हणजे इथे पक्षश्रेष्ठी तुम्ही आहात! लोकांनी मार खाऊन मिळवलेला हा अधिकार तुमच्या हातात आहे, आणि तुम्ही दुसऱ्यांच्या मनात काय चाललंय याचे अंदाज बांधत बसता. आयोवातल्या शेतकऱ्याला काय आवडेल, पेनसिल्व्हेनियातल्या कामगाराला काय पटेल, याचीच काळजी. तुम्हाला काय पटतं ते सांगा ना! नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत दोघांपैकी एकाला निवडायचं असतं, तेव्हा तडजोड करावी लागते, मान्य. प्रायमरीत तर ती करायचीही गरज नसते.

परवा एका मित्राकडे जेवायला जमलो होतो. वहिनी ताकाचे पेले भरत होत्या आणि एक काका सगळ्यांपुढे मोबाइल नाचवत होते. निवडणुकीच्या सट्टाबाजारातले उमेदवारांचे भाव. कोण काल किती टक्क्यांवर होता, आज किती, हिरवा बाण, लाल बाण. मी विचारलं, ‘काका, ह्याचं ग्रीन कार्डाच्या देशनिहाय मर्यादेबद्दल काय म्हणणं आहे?’ ‘ते सगळ्यांचं सारखंच असतं रे.’ सारखं नसतं! त्याच सोफ्यावर कडेला एक मुलगा बसला होता. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांसाठी प्रत्येक देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा आहे, मग तो देश आइसलँड असो की भारत, आणि त्यापायी तो वर्षानुवर्षं रांगेत अडकलाय. त्याला मत नाही. पण कुठलं विधेयक कुणी मांडलं, कुठे अडकलं, हे त्याला तोंडपाठ होतं. मत होतं ते काकांना, आणि ते बाणांचे रंग सांगत होते. माझं डोकंच फिरलं.

हीच मर्यादा उठवणारं विधेयक 2019 च्या जुलैत हाउसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर झालं. वरिष्ठ सभागृहात, सिनेटमध्ये, ते युटाचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांनी मांडलं होतं, आणि डेमोक्रॅटांकडून त्यांच्यासोबत होत्या कमला हॅरिस. त्याच वर्षी हॅरिस राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या होत्या. आमच्या घराघरांतल्या प्रश्नावर ज्यांचं नाव होतं, त्यांच्याबद्दल आमच्या घराघरांत काय बोललं गेलं? ‘चान्स नाही.’ बस्स. विधेयकाचा उल्लेखही मी त्या दिवसांत कुणाच्या तोंडून ऐकला नाही. 3 डिसेंबर 2019 ला त्यांनी माघार घेतली, देशात एकही मत पडण्याआधी, आणि कारण दिलं पैशाचं.

आता पैसा कुठून येतो ते बघा. ज्याची हवा आहे असं लोकांना वाटतं, त्याला देणग्या मिळतात. ज्याला देणग्या मिळतात तो टीव्हीवर दिसतो. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या सुरुवातीच्या डिबेटला उभं राहायचं तर 65,000 देणगीदार किंवा तीन जनमत चाचण्यांमध्ये निदान 1 टक्का पाठिंबा लागायचा, आणि पुढे ही अट वाढतच गेली. म्हणजे पाच डॉलरची देणगी देताना ‘कशाला, हा कुठे येतोय’ म्हणणारा प्रत्येक माणूस त्या उमेदवाराला स्टेजवरून खाली ढकलत असतो. आणि उमेदवार पडला की हेच म्हणणार, ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ म्हटलं होतंत, आणि पाडलंतही तुम्हीच! हॅरिस जिंकल्याच असत्या असं मी म्हणत नाही. त्यांचं फिर्यादी वकील म्हणून काम, आरोग्यविम्यावरची धरसोड, यावर हवं तेवढं भांडा, मी बसतो भांडायला. पण भांडण त्यावर तरी करा. आणि 2024 चा पराभव माझ्या तोंडावर फेकू नका. तेव्हा बायडेन यांनी 21 जुलैला माघार घेतली, प्रायमऱ्या होऊन गेल्या होत्या, हॅरिस यांना निवडायची किंवा नाकारायची संधी प्रायमरीच्या मतदाराला मिळालीच नव्हती.

बरं, ह्या भविष्यवेत्त्यांचे अंदाज तरी बरोबर येतात का? 2004 च्या आधी डेमोक्रॅटांच्या हॉवर्ड डीन यांची केवढी हवा, पहिल्याच राज्यात, आयोवात, तिसरे आले. 2007 मध्ये चाचण्यांत डेमोक्रॅटांत हिलरी क्लिंटन आणि रिपब्लिकनांत जूलियानी पुढे होते, लढले ओबामा आणि मॅकेन. 2016 ला रिपब्लिकन जेब बुश यांच्यामागे 10 कोटी डॉलरच्या वर पैसा उभा राहिला, साउथ कॅरोलायनाच्या रात्री त्यांनी गाशा गुंडाळला. आणि 2020! बायडेन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. निकालाची वाट न बघता ते साउथ कॅरोलायनाला निघून गेले. आमच्या ग्रुपवर त्यांना श्रद्धांजली वाहून झाली होती. मग 26 फेब्रुवारीला तिथले वजनदार खासदार क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला, 29 ला बायडेन यांनी ते राज्य मोठ्या फरकाने घेतलं, बुटिजेज आणि क्लोबुशार हे प्रतिस्पर्धी दोन दिवसांत बाजूला झाले आणि 3 मार्चच्या सुपर ट्यूजडेला, अनेक राज्यं एकदम मतदान करतात त्या दिवशी, चित्र पालटलं. ‘संपला तो’ म्हणणारीच माणसं तीन आठवड्यांनी ‘मला माहीतच होतं’ म्हणायला लागली, आणि कुणालाही त्याची लाज वाटली नाही.

‘मत वाया जातं’ हा युक्तिवाद मला ऐकवला जातो. डेमोक्रॅटांच्या नियमात 15 टक्क्यांच्या खाली राहणाऱ्याला डेलिगेट (अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) मिळत नाहीत, हे खरं आहे. मग मतदानाच्या आदल्या दिवशी करा तो हिशेब, पहिल्या पसंतीचा त्या रेषेच्या फार खाली असेल तर दुसऱ्या पसंतीच्याला द्या. हे शहाणपण झालं. पण वर्षभर आधी, कुणाचं एक भाषण न ऐकता, एक धोरण न वाचता नाव खोडायचं, हे कसलं शहाणपण?

सगळ्यात संताप येतो तो जूनमध्ये. न्यू जर्सीची प्रायमरी जूनमध्ये असते, बहुतेक वेळा लढत संपल्यावर. 2016 ला तर हिलरी क्लिंटन यांचं पुरेसं संख्याबळ झाल्याचं असोसिएटेड प्रेसने आमच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळीच जाहीर करून टाकलं. राग यावा अशीच व्यवस्था आहे. पण वर्षभर अंदाज वर्तवणारे मग मतदानालाच जात नाहीत. ‘ठरलंय सगळं, जायचं कशाला?’

त्याच मतपत्रिकेवर बाकीच्या जागा असतात हो! 2024 ला सिनेटची होती. तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी उभ्या होत्या, मोठमोठ्या काउंट्यांचे (जिल्ह्यांचे) पक्षनेते त्यांच्यामागे, आणि पक्षाच्या पसंतीच्या उमेदवाराला मतपत्रिकेवर मोक्याची जागा देणारी ‘काउंटी लाइन’ त्यांच्या दिमतीला. समोर खासदार अँडी किम. आमच्याकडे निकाल लागला होता: ‘किमला कोण विचारतोय?’ किम कोर्टात गेले. मार्चमध्ये मर्फी यांनी माघार घेतली, पाच दिवसांनी फेडरल न्यायाधीशाने डेमोक्रॅटांच्या त्या प्रायमरीपुरती लाइन थांबवली, 4 जूनला किम यांनी उमेदवारी जिंकली आणि नोव्हेंबरमध्ये ते सिनेटवर निवडून आले. कित्येक वर्षं ह्या राज्यातल्या निवडणुका वाकवणारी मतपत्रिका आमच्या डोळ्यांसमोर बदलली. ते मतदान केंद्र काकांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेत होतं. किम यांनाच मत द्यायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही. विरोधात द्यायचं होतं, द्यायचं तरी होतं! काका गेले नाहीत. त्यांच्या मुलानेही दांडी मारली. त्या सोफ्यावरच्या मुलाला मत देता आलं असतं, तर तो पहाटेच रांगेत उभा राहिला असता.