पाठीतलं पाणी काढल्याने मूल लुळं पडत नाही

‘मेंदूज्वराच्या तपासणीसाठी पाठीतलं पाणी काढू देऊ नका, मूल लुळं पडतं’ हा सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज चुकीचा आहे. हे पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू (पाठीच्या कण्यातली नसांची दोरी) यांच्याभोवतीचा द्रव. ते काढायची सुई कमरेच्या ३-४ किंवा ४-५ क्रमांकाच्या मणक्यांमधून जाते. मज्जारज्जू त्याच्या वरच संपतो, त्यामुळे सुई त्याला लागत नाही. काढतात ते थोडेच मिलिलिटर, तेही शरीर लवकरच भरून काढतं. बहिरेपणा, झटके मागे राहतात ते आजारामुळे, आणि उशिराने धोका वाढतो. मेंदूवरचा दाब फार असेल तर डॉक्टर ही तपासणी नंतर करतात, अँटिबायोटिक मात्र लगेच सुरू करतात. तान्ह्या बाळाची मान ताठ होईलच असं नाही. ताप, डोक्यावरची टाळू फुगलेली, दूध ओढत नाही, उचललं तरी किंचाळून रडतं, असं दिसलं तर बार्शी-अक्कलकोटहून रुग्णालयाकडे निघायला सकाळ होऊ देऊ नका.