हाताची घडी, तोंडावर बोट

शनिवारी विश्रामबागेत, चहाच्या गाड्यामागच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या विषय निघाला तो माझ्या पुतणीच्या मुलाखतीचाच. निकाल सगळ्यांना ठाऊक होता. उत्तरं सगळी बरोबर, आणि खाली शेरा : आत्मविश्वास कमी, नजरेला नजर देत नाही, हात बांधून बसते. पोरगी दोन दिवस नीट जेवली नव्हती. मी तापलेलाच होतो.

परागनं मात्र निवाडा देऊन टाकला. देहबोलीची तीन दिवसांची कार्यशाळा करून आल्यापासून तो बसतोही वेगळा. पाठ ताठ, तळवे उघडे, समोरच्यानं मान तिरकी केली की याचीही तिरकी.

"शेरा बरोबरच आहे," तो म्हणाला. "हाताची घडी म्हणजे माणूस आतून बंद. शब्दांना वजन फक्त ७ टक्के. ३८ टक्के आवाज, ५५ टक्के चेहरा."

"म्हंजे आत्ता तू जे बोललास, त्यातलं सातच टक्के घ्यायचं न्हवं?" बापू म्हणाला.

हे आकडे मी हजार वेळा ऐकलेत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियनच्या १९६७च्या प्रयोगांतले आहेत ते. एका प्रयोगात 'मेबी' एवढा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला, सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही? भावना आणि आवडीनिवडी सोडून हे प्रमाण कुठेही लावू नका, असं त्यानं स्वतःच सांगितलंय. मुलीला हिशेबातले प्रश्न विचारायचे आणि गुण चेहऱ्याला द्यायचे, हा कुठला न्याय?

"आणि हाताची घडी तिला शिकवली कुणी?" मी परागला विचारलं. "बाई वर्गात आल्या की पहिलं वाक्य काय असायचं? 'हाताची घडी, तोंडावर बोट!' घरी सांगितलं, मोठी माणसं बोलताना नजर खाली ठेवावी. वीस वर्षं ज्याला आपण वळण म्हटलं, तोच वीस मिनिटांत दोष झाला?"

"मग तुमच्या मते देहबोली नसतेच का?" पराग जरा घुश्श्यात.

याला उत्तर रेखानं दिलं. ती ड्यूटी संपवून तशीच आली होती. "असते की. मुतखड्याचा पेशंट ओळखायला मला केसपेपर लागत नाही. तो खाटेवर ठरतच नाही. उठतो, बसतो, कूस बदलतो. अपेंडिक्स फुटलेला मुलगा उलटा असतो. पाय पोटाशी घेऊन निपचित पडतो, खाटेला नुसता धक्का लागला तरी कळवळतो. पण तेवढ्यावर कुणी त्याला टेबलावर घेत नाही. डॉक्टर पोट दाबून बघतात, रक्त तपासायला जातं, सोनोग्राफी होते. दिसलं ते पुढचं विचारायला दिसलं."

बापूनं कप खाली ठेवला. त्याचे वडील हेडी होते, खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलांचे सौदे करायचे. लहानपणी तो त्यांच्या मागं फिरलाय.

"बा उपरण्याखाली हात घालून बोटं दाबायचा," तो म्हणाला. "भाव बोटांवर चालायचा. तोंडावर रेघ उमटायची न्हाई. अशा माणसाचं मन वाचून दाव की. आणि बैल मारका हाय का, हे बा बाजारात कधी ठरवायचा न्हाई. मालकाच्या दावणीला जाऊन बघायचा. बाजारात गरीब बैलसुद्धा बिथरतोय. मुलाखत म्हंजे बाजारच की रे."

मला जे दोन दिवस सांगता येत नव्हतं ते यानं दोन वाक्यांत सांगितलं. माणूस एरवी कसा बसतो हे ठाऊक असेल तरच आज तो वेगळा बसलाय हे कळतं. पहिल्यांदाच भेटलेल्या मुलीचं 'एरवी' कुणाला ठाऊक?

पराग हटेना. "पण खोटं तर डोळ्यांत दिसतंच."

"नाही दिसत," मी म्हणालो. दोनशेवर अभ्यास एकत्र करून २००६ साली दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडलंय की खरं-खोटं ओळखताना माणसं शंभरात सरासरी ५४ वेळा बरोबर ठरतात. नाणं उडवलं तरी पन्नास येतात.

"अभ्यास कशाला?" बापू एकदम उसळला. "आठवी ब. खिडकीची काच कुणी फोडली? ह्यानं! गुरुजींच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, 'मी नाही.' मी घाबरून खाली बघत हुतो. छड्या कुणाला? मला! पाच!"

"तीन होत्या," पराग म्हणाला, आणि जीभ चावली.

"म्हंजे फोडलीस!"

रेखाला हसताना ठसका लागला. गाड्यावरच्या मामांनी उकळता चहा सोडून मान बाहेर काढली. पराग तळवे उघडे करून सांगायला लागला, "अरे, तीस वर्षं झाली त्याला."

"माफी माग," रेखा म्हणाली. "पण नजरेला नजर देऊन."

परागनं पाठ ताठ केली, बापूकडं बघितलं. बापूनं हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि डोळे वटारले. पराग तीनदा 'सॉरी' म्हणायला गेला आणि तिन्ही वेळा अर्ध्यातच फुटला. चौथ्यांदा मामांनीच ओरडून सांगितलं, "राहू दे, चहाचं तेवढं दे!"